पोट लहान झाले, तरी संध्याकाळचे खाणे थांबत नाही: एका प्रश्नाचे उत्तर

तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. १६ महिन्यांपूर्वी तुमची स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झाली. वजन ११२ किलोवरून ७६ किलोपर्यंत उतरले आणि गेल्या तीन महिन्यांत ते ८० झाले. जेवायला बसल्यावर आजही एक फुलका, थोडी भाजी आणि अर्धी वाटी वरण यापुढे काही जात नाही. मात्र ऑफिसातून कोथरूडला घरी आल्यावर सासूबाईंबरोबर सहाचा चहा आणि फरसाण, स्वयंपाक करताना येता-जाता काहीतरी, मुलांच्या ताटात उरलेले आणि रात्री सगळे झोपल्यावर फ्रिजमधले गोड, असे शस्त्रक्रियेपूर्वीचे सगळे खाणे लहान लहान घासांनी परत आले आहे. पोट ताणले गेले असेल का, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागेल का आणि एवढा खर्च व त्रास सोसूनही मन ताब्यात का राहत नाही, असे तुम्ही विचारले आहे.

मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि वजनाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा आहार हा माझ्या कामाचा बराच मोठा भाग आहे. मी शल्यचिकित्सक नाही आणि तुमचे अहवाल मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे काही गोष्टी मला तुमच्यावर आणि तुमच्या डॉक्टरांवर सोडाव्या लागतील. थायरॉइडचे काम मंदावले असेल, पाळी थांबण्याचा काळ जवळ आला असेल, नैराश्यावरची काही औषधे, स्टिरॉइड किंवा इन्सुलिन चालू असेल, तर चार किलोंचा हिशेब वेगळ्या प्रकारे करावा लागतो. पुढे जे लिहिते आहे ते यांपैकी काही नाही असे गृहीत धरून.

माझ्या मते तुमचा प्रश्न पोटाच्या आकाराचा फारसा नाही आणि मनोबलाचा तर त्याहून कमी आहे. तुमच्या दिवसाची घडणच अशी आहे की सकाळपासून संध्याकाळपर्यंत शरीराला फार थोडे मिळते, त्याची वसुली सहानंतर होते आणि वसुलीची ती वेळ नेमकी जुन्या सवयीच्या वेळेवर येऊन पडते. त्यामुळे तुम्ही संध्याकाळबद्दल विचारले असले, तरी मला सकाळ आणि दुपारबद्दल बरेच लिहावे लागणार आहे.

पण आधी पोट ताणले जाण्याची शंका, कारण ती मनात असेपर्यंत बाकीचे काही पटणार नाही. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. काढलेल्या भागात जठराचा वरचा फुगीर भागही असतो. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होते. शस्त्रक्रियेनंतर त्याचे प्रमाण एकदम खाली येते, म्हणून पहिले काही महिने अनेकांना भूक म्हणजे काय याचाच विसर पडतो. या काळात रुग्णांना वाटते की सवय सुटली. प्रत्यक्षात सवयीची परीक्षाच झालेली नसते, कारण भूक नाही, घरात सगळे जपतात, खाण्याचा तक्ता ठरलेला असतो आणि वजनकाटा रोज कौतुक करतो. दुसऱ्या वर्षात भूक हळूहळू परत येते आणि उरलेले जठरही थोडे सैलावते. हे दोन्ही अपेक्षित असते. बहुतेकांचे वजन १२ ते १८ महिन्यांत, काहींचे दोन वर्षांपर्यंत, सर्वांत खाली येते आणि तिथून थोडे वर सरकते. तुमचे ३६ किलो उतरले आणि ४ परत आले, म्हणजे उतरलेल्या वजनाचा साधारण नववा हिस्सा. हा आकडा घाबरण्याचा नाही. तीन महिन्यांत चार किलो हा वेग मात्र मला चालणार नाही आणि म्हणूनच तुम्ही आता विचारलेत हे योग्य झाले.

आकाराबद्दलचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. घट्ट, चावून खाण्यासारखे अन्न पाण्याशिवाय खाल्ले की एका फुलक्यावर आणि अर्ध्या वाटीवर तुम्हाला थांबावे लागते, म्हणजे नळी आपले काम करते आहे. तीन फुलके, वाटीभर भाजी आणि वर भात सहज जाऊ लागला असता, तर मी तुम्हाला आधी शल्यचिकित्सकांकडे पाठवले असते आणि त्यांनी गरजेप्रमाणे बेरियम देऊन एक्स-रे किंवा एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतली तपासणी, केली असती. तुमच्या बाबतीत जे वाढले आहे ते जेवणाबाहेरून आत येते आहे.

जेवणाबाहेरचे हे अन्न नळीला अडतच नाही, ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनात सांगितलेली असते, पण तेव्हा ती कानावरून जाते. शेव, चिवडा, खारी, टोस्ट, बिस्किटे, बाकरवडी हे पदार्थ कोरडे आणि कुरकुरीत असले तरी तोंडात गेल्यावर त्यांचे पीठ होते आणि वर चहाचा घोट घेतला की त्याचा लगदा होऊन तो सहज खाली उतरतो. श्रीखंड, आइस्क्रीम, बासुंदी यांना तर चावावेही लागत नाही. मटकीच्या उसळीची एक वाटी तुम्हाला अर्धा तास पुरेल, पण तेवढ्याच वाटीतले फरसाण गप्पा मारता मारता संपते आणि पुन्हा हात डब्यात जातो. शंभर ग्रॅम फरसाणात साधारण ५०० कॅलरी असतात. तुम्ही एका वेळी शंभर ग्रॅम खात नसाल, पण सहा ते साडेदहा या वेळात मूठ-मूठ करत त्याच्या आसपास पोहोचणे अवघड नाही. ही शस्त्रक्रिया ताटावर बसून खाल्लेल्या जेवणाला लगाम घालते. दिवसभर चरत राहिलेल्या तोंडाला ती फारशी अडवू शकत नाही. यात तुमचे शरीर बिघडलेले नाही आणि शस्त्रक्रियाही फसलेली नाही.

आता सकाळ आणि दुपार. तुम्ही लिहिले आहे की सकाळी चहा आणि टोस्ट, नऊला थोडे पोहे किंवा उपमा, एकला डब्यात एक फुलका, भाजी आणि वरण, आणि साडेतीनला ऑफिसात चहा. अंडी चालतात, मांस-मासे घरात होत नाहीत. या दिवसातली प्रथिने मोजली तर पोह्यांतून दोन-तीन ग्रॅम, फुलक्यातून तीन, अर्ध्या वाटी पातळ वरणातून तीन-चार, चहाच्या दुधातून आणि बाकी किरकोळ धरून आणखी चार-पाच, असे संध्याकाळी घराचे दार उघडेपर्यंत जेमतेम पंधरा ग्रॅम होतात. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात आणि अनेकांना ८० पर्यंत सांगितली जातात. याचा अर्थ सहा वाजता तुम्हाला जे ओढून नेते त्याला तुम्ही जुनी सवय म्हणता, पण त्यातली निम्मी तरी साधी भूक आहे. शरीराला पुरेसे मिळालेले नसते आणि समोर जे सर्वांत सहज आत जाईल ते ते घेते. अशा भुकेशी मनोबलाने लढून कोणी जिंकल्याचे मी पाहिलेले नाही. दोन-चार दिवस दात-ओठ खाऊन थांबतात आणि पाचव्या दिवशी दुप्पट खातात.

म्हणून माझी पहिली सूचना फरसाणाबद्दल नाही. ते सध्या जसे आहे तसे राहू द्या. सकाळी टोस्टच्या जागी दोन अंड्यांचे ऑम्लेट घ्या, किंवा भिजवलेल्या मुगाची अथवा बेसनाची दोन छोटी धिरडी घ्या. दोन अंड्यांतून बारा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि ५० ग्रॅम मुगाच्या डाळीतूनही जवळपास तेवढीच. पोहे, उपमा वाईट आहेत असे मी म्हणत नाही, पण तुमच्या पोटातली जागा आता महाग आहे आणि पोह्यांना ती सर्वांत आधी द्यावी असे त्यांच्यात काही नाही. दुपारच्या डब्यात पातळ वरणाऐवजी घट्ट उसळ ठेवा, मटकी, मूग, चवळी किंवा मसूर, काहीही चालेल, आणि त्याबरोबर ५० ग्रॅम पनीरचे तुकडे. एवढ्या पनीरमध्ये नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. खाण्याचा क्रमही बदला. आधी उसळ आणि पनीर, मग भाजी, आणि जागा उरली तर फुलका किंवा भाकरी. आपल्याकडे पोळीच्या तुकड्याने सुरुवात करण्याची इतकी सवय आहे की उसळ चमच्याने नुसती खाणे सुरुवातीला विचित्र वाटेल, डब्याला बरोबर बसणाऱ्या मैत्रिणी विचारतीलही. पण फुलका आधी गेला की उसळ उरते, आणि जी उरते तीच तुम्हाला संध्याकाळपर्यंत टिकवणार होती.

दुसरी सूचना त्याहून छोटी आणि माझ्या अनुभवात त्याहून जास्त उपयोगी आहे. घरी पोहोचण्यापूर्वी खा. साडेचार-पाचच्या सुमारास ऑफिसातच मूठभर फुटाणे नीट चावून घ्या, किंवा एक उकडलेले अंडे, किंवा वाटीभर घट्ट दही. ३० ग्रॅम फुटाण्यांतून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, पण इथे मला प्रथिनांपेक्षा वेळेची काळजी आहे. कर्वे रस्त्याच्या गर्दीतून तासभर काढून, भुकेने आणि थकव्याने घरात शिरलेली व्यक्ती ओट्यावरचा डबा उघडणारच. हिंजवडीहून रात्री आठ-नऊला परतणाऱ्या मुलांना तर मी हे औषधासारखे लिहून देते. भूक घराबाहेर भागली की घरातले खाणे किती सवयीचे आहे हे पहिल्यांदा स्पष्ट दिसते आणि मगच त्यावर काम करता येते.

रात्रीच्या जेवणात अर्धी वाटी घट्ट पिठले, पनीरची भुर्जी किंवा सोयाबीनच्या वड्यांची भाजी असली आणि दिवसभरात एक पेला दूध किंवा त्याचे दही झाले, की ६० चा आकडा गाठता येतो. रोज काटेकोर मोजण्याची गरज नाही. एकदा आठवडाभर मोजले की डोळ्यांना अंदाज येतो.

आता सहाचा चहा. तुम्ही लिहिले आहे की दिवसभरात सासूबाईंशी निवांत बोलणे होते ते तेवढेच, आणि डबा त्याच पुढे करतात. हे वाचून मला चहा सोडा असे सांगण्याची इच्छा होत नाही. पुण्यात चारच्या किंवा सहाच्या चहाला जो मान आहे तो काढून घेतला तर माणसे चहा सोडत नाहीत, मला भेटायला येणे सोडतात. चहा ठेवा, गप्पा ठेवा, पण चहाच्या वेळी फक्त चहा घ्या. काही खायचेच असेल तर अर्ध्या तासाने, वाटीत काढून, बसून खा. पेय आणि खाणे वेगळे ठेवण्याचा नियम तुम्हाला पहिल्या महिन्यात सांगितलेला असेल आणि बहुधा तो सर्वांत आधी सुटलेला असेल. चहाशिवाय फरसाण खाऊन पाहा, थोड्याच घासांत घसा कोरडा पडतो आणि हात आपोआप थांबतो. डब्याऐवजी वाटी घेण्याचे कारणही तेच आहे. डब्यातून खाताना किती खाल्ले याला शेवटच नसतो.

सासूबाईंशी हे आधी मोकळेपणाने बोला. “आई, चहा तुमच्याबरोबरच घेईन, पण डबा पुढे करू नका, मला लागले तर मी मागून घेईन,” एवढे पुरते. घरातल्या मोठ्या माणसांना शस्त्रक्रियेनंतर सुनेचे दोन घासांचे जेवण पाहून खरोखर काळजी वाटते, आणि फरसाणाचा डबा पुढे करणे ही त्या काळजीचीच एक रीत असते. काय खाल्ल्याने तुम्हाला ताकद येईल हे त्यांना सांगितले, तर मटकीला मोड आणण्याचे काम त्याच अंगावर घेतात, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

स्वयंपाकघरातल्या खाण्याचे दोन भाग आहेत. चव पाहण्यासाठी तळहातावर घेतलेला थेंब मी मोजत नाही. पण फोडणी तडतडेपर्यंत दाणे, पोळ्या लाटताना गुळाचा खडा, किसताना खोबरे, हे मोजावे लागते. यावर उपाय म्हणजे उपाशीपोटी स्वयंपाक करू नये. तुमच्या घरी जेवण नऊला होते. त्याची वाट न पाहता सवासातला तुमच्या रात्रीच्या जेवणातला प्रथिनांचा भाग बसून खाऊन घ्या, आणि नऊला सर्वांबरोबर ताटावर बसून थोडी भाजी आणि अर्धा फुलका घ्या. कुटुंबाची पंगत मोडत नाही आणि झोपण्यापूर्वी जड जेवणही होत नाही.

मुलांच्या ताटातले उरलेले हा विषय मात्र मी हलका मानत नाही. पानात टाकू नये ही शिकवण आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे आणि ती वाईटही नाही. अडचण अशी आहे की ती पाळण्याची जबाबदारी घरात एकाच व्यक्तीच्या पोटावर पडते, आणि ती व्यक्ती बहुतेक वेळा आई असते. तुमच्या पोटाचा मोठा भाग काढलेला आहे, तिथे आता कोणाच्या उरलेल्या घासांची सोय होऊ शकत नाही. मुलांना निम्मे वाढा आणि हवे असल्यास पुन्हा मागू द्या. पातेल्यात उरलेले लहान डब्यात भरून फ्रिजमध्ये टाका, पोळ्या उरल्या तर सकाळी घरच्यांसाठी फोडणीची पोळी करा. ताटातले अर्धवट चिवडलेले अन्न ज्याने टाकले त्यानेच काही दिवस डोळ्यांसमोर ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकावे, मुले त्यातून वाढून घेण्याचा अंदाज शिकतात. अन्न वाया गेल्याची रुखरुख तुम्हाला लागेल. ती लागू द्या, पण तिच्यावरचा उपाय म्हणून ते खाऊ नका.

रात्रीचे गोड या सगळ्यापासून वेगळे आहे आणि त्याला मी वेगळे वागवते. सहाला भूक आणि सवय असते, साडेदहाला बहुतेक वेळा दोन्ही नसतात. दिवसभर ऑफिस, घर, मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंचे औषधपाणी झाल्यावर मिळणारी ती पंधरा मिनिटे पूर्णपणे तुमची असतात, आणि त्यांत फ्रिजमधल्या बर्फीखेरीज दुसरे काही ठेवलेले नाही. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांना ताण, राग किंवा एकटेपणा खाण्याने शमवण्याची सवय होती, त्यांच्यापासून शस्त्रक्रिया ते साधन काढून घेते आणि बदल्यात काही देत नाही. काही जण मग खरेदीकडे वळतात, काही दारूकडे. जाता जाता सांगते, स्लीव्ह आणि बायपास (जठराची लहान थैली करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याची वजनाची दुसरी शस्त्रक्रिया) या दोन्हींनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, आणि जे आधी फारसे पीत नव्हते त्यांनाही तिची सवय लागण्याचा धोका असतो. तुमच्याबाबत तसे काही नाही, पण वाचणाऱ्या इतर कोणाला हे लागू पडू शकते.

गोडाबद्दल माझे मत अनेकांना सैल वाटते. मी ते बंद करायला सांगत नाही. त्याची जागा बदलायला सांगते. सुट्टीच्या दिवशी दुपारच्या जेवणात, उसळ आणि भाजी झाल्यावर, ताटात वाढून, घरच्यांच्या देखत बर्फीचा एक तुकडा किंवा दोन चमचे श्रीखंड खा. लपून, उभ्याने, फ्रिजच्या उजेडात खाल्लेल्या गोडाचे समाधान होत नाही, म्हणून त्याला शेवट सापडत नाही. शिवाय नुसत्या गोडाचा आणखी एक त्रास आहे. रिकाम्या पोटी किंवा एकदम खाल्लेल्या साखरेने रक्तातली साखर झपाट्याने चढून एक ते तीन तासांनी खाली घसरू शकते, आणि मग घाम, थरथर आणि पुन्हा भूक लागते. बायपासनंतर हे जास्त दिसते, पण स्लीव्हनंतरही होते. मध्यरात्री जाग येऊन काहीतरी खावे लागत असेल तर हे डॉक्टरांना जरूर सांगा.

त्याचप्रमाणे छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात कुरतडल्यासारखे वाटून खाल्ल्यावर ते थोडा वेळ शमत असेल, आडवे झाल्यावर आंबट पाणी वर येत असेल किंवा रात्री खोकला येत असेल, तर ती भूक नसून आम्लपित्त असू शकते. स्लीव्हनंतर ही तक्रार बऱ्याच जणांना असते आणि ती भूक समजून खाल्ले जाते. यावर आहारतज्ज्ञाकडून फार काही होत नाही. औषध लागते आणि तक्रार जुनी असेल तर एन्डोस्कोपीही लागते.

रात्रीचे खाणे सुरू झाल्यावर आपण थांबूच शकत नाही अशी भावना येते का, त्यानंतर तीव्र लाज वाटते का, उलटी काढावीशी वाटते का, हे स्वतःला विचारा. यातले काही आठवड्यातून एकदा जरी होत असेल, तर ते सवयीच्या पलीकडचे आहे आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा खाण्याच्या विकारांचा अनुभव असलेले समुपदेशक हवेत. शस्त्रक्रियेपूर्वी अशी एक भेट बहुधा झालेलीही असते, पण नंतर कोणी फिरकत नाही. खरी गरज दुसऱ्या वर्षात असते.

संकष्टी चतुर्थीबद्दल तुम्ही ओझरते लिहिले आहे. दिवसभर चहावर राहून रात्री नऊनंतर चंद्रोदय झाला की साबुदाण्याची खिचडी आणि मोदक, हा क्रम तुमच्या पोटाला झेपणारा नाही. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. उपास करायचाच असेल तर दिवसा दही, दूध, राजगिरा, आणि जेवताना भगरीबरोबर दाण्याची घट्ट आमटी घ्या. मधुमेहाचे औषध चालू असेल तर उपास डॉक्टरांना विचारूनच करावा.

दुसऱ्या शस्त्रक्रियेविषयी माझे मत स्पष्ट आहे. स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करतात, पण त्याला आम्लपित्ताचा असह्य त्रास, नळीच्या रचनेतला दोष किंवा खूप मोठ्या प्रमाणात परतलेले वजन अशी कारणे असावी लागतात. चार किलोंसाठी ते करू नये, आणि चरण्याच्या सवयीसाठी तर मुळीच करू नये, कारण फरसाण जसे नळीला अडत नाही तसे बायपासच्या लहान थैलीलाही फारसे अडत नाही. २०२५ पासून भारतात वजनासाठी टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइडची आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने मिळू लागली आहेत आणि शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या वजनासाठी काही डॉक्टर ती देतात. तो निर्णय त्यांचा आहे. मी एवढेच सांगेन की ती भूक आणखी कमी करतात, त्यामुळे ज्यांच्या पोटात आजच पुरेशी प्रथिने जात नाहीत त्यांनी आधी आहार सावरल्याशिवाय ती सुरू करू नयेत, आणि ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून घेऊन तर कधीच नाही.

तपासण्यांत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर एवढे करून घ्या. कच्चे तांदूळ, बर्फ किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटत असेल तर ते लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते, त्याला विचित्र सवय समजून लपवू नका. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने घ्यावी, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा टाळावा. सतत उलट्या होत असतील तर थांबू नका, त्यात बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होऊन नसांना आणि मेंदूला इजा होऊ शकते.

हे सगळे एकदम सुरू करू नका. पहिले दोन आठवडे फक्त सकाळचा नाश्ता, डब्यातली उसळ आणि पाचचे खाणे बदला, बाकी काही नाही. तिसऱ्या आठवड्यात चहा आणि खाणे वेगळे करा. त्यानंतर स्वयंपाकघर, आणि रात्रीचे गोड शेवटी. या काळात एका वहीत वेळ, काय खाल्ले आणि त्याआधी काय चालले होते एवढे तीन रकाने लिहा. कॅलरी लिहू नका. आठवडाभराची वही पाहिली की तुमचे खाणे कोणत्या वेळांना बांधलेले आहे ते तुम्हालाच दिसेल, आणि माझा अंदाज जिथे चुकला असेल तिथे तेही दिसेल. वजन आठवड्यातून एकदाच करा. दोन महिन्यांनी काटा ८० वरच थांबलेला दिसला तरी मी ते चांगले चालले आहे असेच म्हणेन, कारण वाढ थांबणे ही त्यातली अवघड पायरी असते.

शल्यचिकित्सकांकडे वर्षभर गेला नाहीत, वजन वाढल्यावर तोंड दाखवायची लाज वाटते, असेही तुम्ही लिहिले आहे. तिथे येणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या रुग्णांपैकी कित्येक जण हीच तक्रार घेऊन आलेले असतात आणि तिथल्या लोकांना ती नवीन नसते. १८ महिन्यांच्या भेटीची वेळ तशीही जवळ आली आहे, ती आजच फोन करून ठरवा, जाताना ती वही आणि शस्त्रक्रियेचा अहवाल बरोबर न्या, आणि आहारतज्ज्ञांची भेट त्याच दिवशी मिळेल का तेही विचारा, म्हणजे दुसरी रजा टाकावी लागणार नाही.